हिरवी स्मूदी कडू, चोथट किंवा मातकट होते? या चुका टाळा

हिरवी स्मूदी बिघडली की बहुतेक जण पालकाला दोष देतात आणि पुढच्या वेळी त्यात आणखी एक केळं ढकलतात. चव झाकली जाते, पण हलकं पेय जड होऊन बसतं. खरी गडबड बहुधा क्रमात असते: काय आधी घातलं आणि काय नंतर.

सगळ्यात नडणारी चूक म्हणजे सगळं एकदम भांड्यात भरून मिक्सर लावणं. काकडी आणि सफरचंद पात्याशी जाऊन बसतात, पानं वरच्या वर राहतात आणि पिताना त्यांचे तुकडे दाताला लागतात. पानं आधी एकटी वाटा. एका मोठ्या ग्लाससाठी मूठभर पालक, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, आणि अर्धा कप गार पाणी पुरे. पाणी जास्त झालं तर पानं वाटली न जाता नुसती गरगर फिरतात. जरा वेळाने मिक्सर बंद करून कडेला चिकटलेली पानं चमच्याने खाली ओढा आणि पुन्हा फिरवा. थेंबभर मिश्रण दोन बोटांत चोळून पाहा. कण लागेनासे झाले की मगच अर्धी काकडी आणि अर्धं हिरवं सफरचंद घाला. इतकं नीट वाटलं तर गाळावं लागत नाही. गाळूच नका, कारण चोथ्याबरोबर तंतुमय भागही जातो.

रंगाचं गणित थोडं नाजूक आहे. लिंबाच्या आम्लामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग हळूहळू शेवाळी होत जातो. उलट चिरलेलं सफरचंद तपकिरी पडू नये म्हणून लिंबूच उपयोगी पडतं. म्हणून सफरचंद आयत्या वेळी चिरा, लिंबू अगदी शेवटी पिळा आणि स्मूदी लगेच प्या. मिक्सरही सलग चालवू नका, मिश्रण कोमट होतं आणि ताजेपणा जातो. फिकट पोपटी रंग हवा असेल तर पालक कमी करून काकडी वाढवा. बीट, स्ट्रॉबेरी यात नकोच. लाल आणि हिरवा मिसळला की रंग हमखास मातकट होतो.

काकडी न चाखता घालणं ही चूक फार महागात पडते. देठाकडचा भाग थोडा कडवट असेल तर तो कापून टाका, पण पूर्ण काकडीच कडू लागली तर ती फेकून द्या. हा कडूपणा क्युकरबिटासिन या घटकाचा असतो. मध घालून तो झाकला तरी पोट बिघडू शकतं.

थोडा वेळ ठेवल्यावर पाणी वेगळं झालं तर घाबरू नका. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणीच असतं, ढवळलं की झालं. केळ्याच्या दोन-तीन चकत्या घातल्या तर मिश्रण धरून राहतं. वर आलेला फेस चमच्याने काढून टाका.

पालक कच्चाच पोटात जाणार, तेव्हा देठाशी अडकलेली माती वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. त्यात ऑक्सलेट भरपूर असतं, त्यामुळे मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी ही स्मूदी रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तरीही विचारा, कारण पालकातलं 'के' जीवनसत्त्व तिचा परिणाम कमी करतं.