गोडाची तलफ रात्री येते, चूक सकाळीच झालेली असते

रात्री साडेदहानंतर येणारे मेसेज मला आता न उघडताही ओळखता येतात. ‘आजही राहवलं नाही.’ ‘बिस्किटांचा पुडा उघडला आणि संपवूनच उठले.’ ‘माझं मनच कच्चं आहे.’ वजन कमी करणाऱ्यांना मदत करायला लागून मला बारा वर्षं झाली, आणि या सगळ्यांना मी एकच विचारते : दुपारी काय जेवलात? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘तसं काही नाही, थोडं सॅलड खाल्लं.’

मनाला बोल लावणं आधी थांबवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. रात्री हात आवरत नाही याचं कारण बहुधा त्या दिवसात आधीच घडून गेलेलं असतं. पुढच्या चुका वाचताना आपला कालचा दिवस डोळ्यांसमोर आणा.

दिवसभर पोटाला चिमटा

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. वजन उतरवायचं ठरवलं तेव्हा सकाळी बिनसाखरेची कॉफी, दुपारी काकडी-टोमॅटोचं सॅलड, संध्याकाळी पुन्हा कॉफी आणि रात्री वाटीभर सूप एवढंच घ्यायचं, असा मी नेम केला. गोड तर पूर्ण बंद. पहिल्या आठवड्यात काटा दोन किलोंनी खाली आला आणि मला वाटलं, जमलं! त्यातलं बरंचसं पाणी होतं हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर (म्हणजे यकृत आणि स्नायूंतला साखरेचा साठा) सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, आणि खाणं एकदम तोडलं की आधी तेच निघून जातं.

अकराव्या रात्री मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. फ्रिज उघडला. मागच्या कप्प्यात कंडेन्स्ड मिल्कचा चारशे ग्रॅमचा डबा होता, थोडासाच वापरलेला. दिवाही लावला नाही. पहिला चमचा कडेला सुकलेलं खरवडण्यापुरता घेतला. दुसरा ‘आता उघडलाच आहे’ म्हणून. त्यानंतरचे चमचे मोजले नाहीत. चमचा तळाच्या पत्र्यावर घासल्याचा आवाज आला तेव्हा भानावर आले. हजाराहून जास्त कॅलरी झाल्या, फ्रिजच्या दाराशी उभ्या उभ्या, आणि दुसऱ्या चमच्यानंतर चवही नीट कळली नव्हती.

पण खरी चूक पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून मी दुपारपर्यंत काहीच खाल्लं नाही. रात्री पुन्हा तेच. असे तीन आठवडे गेले आणि रोज झोपताना मी स्वतःला दुबळी ठरवत राहिले.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. सुमारे सहा महिने त्यांना दिवसाला १५७० च्या आसपास कॅलरी दिल्या आणि भरपूर चालायला लावलं. त्यांचं वजन जवळपास पाव हिश्शाने उतरलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ही धडधाकट, स्वखुशीने आलेली माणसं दिवसभर फक्त खाण्याबद्दल बोलू लागली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली, स्वप्नंही खाण्याचीच पाहू लागली. च्युइंगमही इतकं चघळलं जाई, की एकाची मजल तर दिवसाला चाळीस पाकिटांपर्यंत गेली. ती मनाने कच्ची नव्हती. भुकेल्या शरीराचा मेंदू असाच वागतो. आणि हल्ली लोक नेटवरून उचललेला आठशे कॅलरींचा तक्ता बेधडक पाळायला घेतात! इतका कमी आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचाच नसतो.

माझी सवय सांगते. सकाळी उठल्यापासून दोन तासांत मी काहीतरी पोटभरीचं खाते आणि त्यात प्रथिनं असतात : अंडी, दही, पनीर किंवा कडधान्यं. दुपारी व्यवस्थित जेवण. आणि साडेचार वाजले की भूक असो नसो, एक फळ आणि मूठभर दाणे किंवा सुकामेवा. या साडेचारच्या खाण्यावर मी अडून बसते. घाईतली माणसं तेच आधी काढून टाकतात, ‘तेवढ्याच दीडशे कॅलरी वाचल्या’ म्हणून. त्या दीडशे कॅलरी रात्री व्याजासकट वसूल होतात, हे मी इतक्यांच्या बाबतीत पाहिलं आहे की आता त्यावर वाद घालत नाही. ‘आठवडाभर माझ्या सांगण्यावरून खा, मग आपण बोलू,’ एवढंच म्हणते.

‘साखर सोडली, आता मध घेते’

ही माझी दुसरी दुखरी नस. नैसर्गिक म्हणजे मोकळं रान, हा समज किती जणांचं वजन अडवून बसला आहे!

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंचं वजन दोन महिने तसूभरही हलत नव्हतं. जेवण मोजून, चालणं नियमित, आणि ‘साखर तर मी घरात आणतच नाही’ हे दर वेळी ठामपणे सांगायच्या. मी त्यांना म्हटलं, तुमचा मध आणि तुमचा चमचा घेऊन या. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा टेबलावर ठेवला, त्यावर वाटी ठेवली आणि सांगितलं, रोज घेता तसाच घ्या. सकाळच्या कोमट पाण्यातला चमचा २४ ग्रॅम भरला. दह्यावरचा २२. संध्याकाळच्या ग्रीन टीमधला २५. मध चमच्याच्या वर घुमटासारखा उभा राहतो आणि खालूनही ओघळत असतो, त्यामुळे ‘एक चमचा’ कधीच एक चमचा नसतो. एकूण ७१ ग्रॅम. मधात साधारण ८० टक्के साखरच असते. म्हणजे दिवसाला ५७ ग्रॅमच्या आसपास साखर आणि दोनशेहून जास्त कॅलरी. आधी त्या दोन कप चहात मिळून दोन छोटे चमचे साखर घालत. ती होत होती ८ ग्रॅम.

बाई बराच वेळ त्या वाटीकडे बघत राहिल्या. त्यांनी फसवलं नव्हतं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेची मर्यादा सांगितली : दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या खाली. दोन हजार कॅलरींच्या आहारात हे ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, सहा छोटे चमचे. या हिशेबात मध, सिरप आणि फळांचे रसही धरलेले आहेत. अख्खं फळ आणि दुधातली मूळची साखर त्यात येत नाही. गूळ, ब्राऊन शुगर, खजुराचं सिरप यांनाही हाच हिशेब लागू. चव आवडते म्हणून घ्या, पण मोजून घ्या. माझ्याकडे मधाच्या बाटलीजवळ एक चहाचा चमचा कायम ठेवलेला असतो, मोठा चमचा त्या बाटलीत जात नाही.

फळाचा विषय निघालाच आहे तर : फळं सोडू नका. मध्यम आकाराच्या सफरचंदात १९ ग्रॅमच्या आसपास साखर असते, हे वाचून कितीतरी जण ते बंद करतात आणि रात्री केक खातात. त्या सफरचंदात चार ग्रॅम तंतूही असतात, आणि ते चावायला वेळ लागतो. रस मात्र घटाघट संपतो आणि पोट रिकामंच राहतं.

शुगर फ्रीचा भरवसा

‘शुगर फ्री’ लिहिलेलं चॉकलेट उलटं करून मागची बाजू वाचा. साखर गेली तरी कोकोचं लोणी तिथेच आहे, आणि एका ग्रॅम चरबीत ९ कॅलरी असतात. माल्टिटॉलसारख्या गोडव्याच्याही ग्रॅममागे सुमारे दोन कॅलरी असतात, आणि ते जास्त पोटात गेलं की पोट बिघडतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अॅस्पार्टेम, सुक्रालोजसारख्या बिनसाखरेच्या गोडव्यांवर विसंबू नका, अशी शिफारस केली. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही. रोज दोन कॅन कोला पिणारा माणूस काही दिवस डाएट कोलावर आला तर मी हरकत घेत नाही, कारण ३३० मिलीच्या साध्या कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. पण ती पायरी आहे, मुक्काम करायची जागा नव्हे.

झोप उडवून व्यायाम

पहाटे साडेचारला उठून पळणारे आणि रात्री बाराला झोपणारे उत्साही लोक मला फार भेटतात. शिकागो विद्यापीठातल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं आणि दुसऱ्या खेपेला दहा तास. कमी झोपेनंतर भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, तृप्ती सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, आणि ओढ वाढली ती गोड, खारट, पिठूळ पदार्थांची. प्रयोग छोटा आहे, पण रात्रपाळी करणाऱ्या कुणालाही विचारा. आधी झोप पुरी करा, मग पळा.

तलफेशी कुस्ती

‘चॉकलेटचा विचार करायचा नाही, करायचा नाही’ असं घोकणं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ मधल्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर अस्वल डोक्यातून जाईना, आणि नंतर विचारांना मोकळीक दिल्यावर ते जास्तच येऊ लागलं. तलफेचंही तसंच होतं. व्यसनांवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लॅट तलफेला लाटेची उपमा देत : ती चढते, टोकाला जाते आणि आपली आपण ओसरते. तिला ढकलायचं नाही आणि तिच्यात बुडायचंही नाही. मी घड्याळ बघते, पंधरा मिनिटं ठरवते आणि चपला घालून बाहेर पडते. एक्झेटर विद्यापीठातल्या एका प्रयोगात पंधरा मिनिटं झपझप चालून आलेल्यांनी काम करताना न चाललेल्यांच्या जवळपास निम्मंच चॉकलेट खाल्लं. परत आल्यावरही हवंसं वाटलं तर खाते. बशीत काढून, खुर्चीवर बसून, दोन तुकडे.

हो, खाते. पूर्ण बंदी मला झेपली नाही आणि मी पाहिलेल्या बहुतेकांना झेपली नाही. काहींना मात्र ‘अजिबात नाही’ हेच सोपं जातं. एक तुकडा खाल्ला की त्यांचं मन पुढच्या तुकड्यावर जातं. आपण कुठले, हे दोन-तीन आठवडे लिहून ठेवल्याशिवाय कळत नाही. ते लिहायचा कंटाळा करणाऱ्यांना माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

काही चुका थोडक्यात. टेबलावर बिस्किटांची बरणी ठेवून निग्रहाची परीक्षा घेऊ नका, ती वरच्या फळीवर मागे ठेवा. भुकेल्या पोटी खरेदीला जाऊ नका. रविवारी ‘चीट डे’ करून सहा दिवसांची मेहनत पाण्यात घालू नका. त्यापेक्षा रोजचं छोटं गोड परवडतं. ‘चॉकलेट हवंसं वाटतं म्हणजे मॅग्नेशियम कमी पडलंय’ यावर विश्वास ठेवू नका. तसं असतं तर भोपळ्याच्या बियांचीही तलफ आली असती, त्यांत मॅग्नेशियम कितीतरी जास्त असतं. आणि २१ दिवसांत सवय लागते हे डोक्यातून काढा : युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अभ्यासात ९६ जणांना नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५० च्या वर जातील असा अंदाज निघाला. बाविसाव्या दिवशी ‘माझ्याने होत नाही’ म्हणून सोडणारे बघितले की जीव तुटतो.

दोन ठिकाणी मात्र यातलं काहीच करू नका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि अचानक घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं झालं, तर ती तलफ समजून पंधरा मिनिटं चालायला जाऊ नका. रक्तातली साखर तपासा. ती कमी असेल, किंवा तपासायची सोय नसेल, तर लगेच १५ ग्रॅम साखर घ्या, म्हणजे साधारण अर्धा कप फळांचा रस, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. दुसरं, दर आठवड्याला लपून, पोट दुखेपर्यंत खाणं होत असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. तिथे आहाराचा तक्ता नको, डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ हवा.

आणि एखाद्या रात्री पुडा संपलाच, तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहून शिक्षा भोगू नका. मी तेच करत तीन आठवडे घालवले. साडेदहाच्या मेसेजला हल्ली मी एवढंच लिहून पाठवते : झालं ते झालं, आता झोपा. पण त्याआधी उद्या सकाळी आठ वाजता काय खाणार, ते मला लिहून पाठवा.