कारवीच्या रानातून गाडी नेताना: काचेसाठी तारा, दारांसाठी फिल्म

पावसाळा सरला की सह्याद्रीतल्या जुन्या गाडीवाटा दोन्ही बाजूंनी मिटत आलेल्या असतात. ऑक्टोबरात कारवी ओली असते, गाडीला घासून बाजूला होते. तीच जानेवारीनंतर वाळून ताठ उभी राहते आणि तिच्या खरबरीत दांड्या दारावर उभ्या-आडव्या रेघा ओढतात. करवंदीचे काटे सरळ टोचतात. घाणेरी आणि चिल्हारीचे आकडे वायपर, अँटेना, आरसा असं जे सापडेल ते धरून ठेवतात. वाकलेला कळक सुटला की थेट काचेवर येतो. इतक्या वेगवेगळ्या माराला एकच उपाय पुरत नाही. काच तारांनी वाचते, दारं फिल्मने, आणि रंगाचं बरंचसं नुकसान नुसत्या पाण्याने टळतं.

तारा म्हणजे काय

बॉनेटच्या पुढच्या दोन कोपऱ्यांपासून छताच्या पुढच्या दोन कोपऱ्यांपर्यंत तिरक्या ताणलेल्या दोन वायर रोप, म्हणजे लिम्ब रायझर. कॅमल ट्रॉफी या जंगलवाटांवरच्या जुन्या मोहीम-स्पर्धेतल्या लँड रोव्हरवर त्या सर्रास दिसत. फांदी तारेला लागते, तिच्यावरून घसरत वर चढते आणि छतावरून मागे जाते. तार फांदी तोडत नाही, फक्त वळवते. अंगठ्यापेक्षा जाड, वाळलेली फांदी काचेच्या उंचीवर दिसली तर थांबा; ते काम तारेचं नाही.

सामान

दोन्ही बाजूंना मिळून ३ मिमी जाडीची स्टेनलेस वायर रोप ६ मीटर. ७×१९ विणीची (सात पेड, प्रत्येकात १९ बारीक तारा) घ्या, ती लवचिक असते. सोबत ४ थिंबल (फासाच्या आत बसणारी धातूची खोबण), त्याच मापाचे १२ यू-क्लॅम्प (दुमडलेली तार आवळणारी पकड), २ एम-६ टर्नबकल (फिरवून तार ताणायचा स्क्रू), ४ डी-शॅकल (पिनेने बंद होणारी कडी), २ छोट्या ताणस्प्रिंगा, ७-८ मिमी रुंदीचे नायलॉन केबल टाय आणि हीट-श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हे सगळं एका फेरीत मिळतं. इतर गावांत विहिरीच्या पंपाचं सामान विकणाऱ्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात विचारा. प्लास्टिकचं आवरण असलेली तार घेतलीत तर क्लॅम्प बसतो तेवढ्या भागावरचं आवरण सोलून काढा. नाहीतर क्लॅम्प प्लास्टिकला धरतो आणि आतली तार घसरून बाहेर येते.

आधी सुतळीने माप

तार कापण्याआधी त्या जागी सुतळी बांधून पाहा. बॉनेट पूर्ण उघडा, दोन्ही दारं उघडा, वायपर फिरवा, ड्रायव्हरच्या जागेवर बसून नजर अडते का बघा. सुतळी काचेच्या बाजूच्या खांबाच्या किंचित बाहेरून गेली पाहिजे आणि वरचं टोक छताच्या कडेपेक्षा थोडं उंच हवं. ते खाली राहिलं तर फांदी नेमकी छताच्या कडेशी अडकून बसते. चढ जितका सौम्य, तितकी फांदी सहज सरकते. तार उभी झाली की ती फांदीला नुसती अडवते. मापात प्रत्येक टोकाच्या फासासाठी २० सेंमी वाढवा.

कुठे बांधायची

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. प्लास्टिकच्या बंपरला बांधू नका, पहिल्या झटक्यात क्लिपा निघतात. पुढचं टोक चेसीसला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) बोल्ट केलेल्या धातूच्या बंपरला किंवा फेंडरच्या पुढच्या बोल्टखाली बसवलेल्या ५ मिमी लोखंडी एल-पट्टीला घ्या. वरचं टोक रूफ रॅकच्या पुढच्या कोपऱ्याला. जिम्नीसारख्या गाडीला छताच्या कडेने पन्हळ असतं, त्यावर गटर क्लॅम्प बसतो. कापडी छताच्या गाडीला हा प्रकार करू नका आणि फायबरच्या हार्डटॉपला भोक पाडून आय-बोल्ट कसू नका. तिथे आधी रोल केज (माणसांभोवतीचा पाइपांचा सांगाडा) किंवा बाहेरचा रॅक लागतो.

थार, गुरखा, जिम्नी या तिन्ही गाड्यांची बॉडी चेसीसवर रबरी माउंटवर बसलेली असते आणि खड्ड्यात दोन्ही एकमेकांच्या तुलनेत हलतात. तारेचं खालचं टोक चेसीसला आणि वरचं बॉडीला असेल, तर प्रत्येक पिळाला तार ताणली जाते. स्प्रिंग त्यासाठी आहे. दोन्ही टोकं बॉडीलाच असतील तर ती नसली तरी चालते, पण असलेली बरी.

बुल बार, म्हणजे बंपरपुढे बसवायच्या लोखंडी सांगाड्याचा मोह टाळा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार ते बेकायदा असल्याचं कळवलं आहे. शिवाय पुढच्या धडकेत एअरबॅगचं गणित बिघडू शकतं.

फास आणि ताण

तार कापण्याआधी त्या जागी टेप गुंडाळा, नाहीतर पेड उलगडतात. थिंबलभोवती फास घेऊन २५ मिमी अंतराने तीन यू-क्लॅम्प लावा. क्लॅम्पचं खोगीर, म्हणजे त्याचा खोबणीचा तुकडा, भार घेणाऱ्या लांब तारेवर, यू-बोल्ट दुमडलेल्या आखूड टोकावर. उलटं लावलं तर यू-बोल्ट भाराच्या तारेला चेपतो आणि ती तिथेच तुटते. नट काचेच्या बाजूला वळवा, उघड्या टोकावर हीट-श्रिंक चढवा. टर्नबकल खालच्या टोकाला, शक्यतो बॉनेटच्या पातळीखाली ठेवा. वर ठेवला तर फांद्या त्याच्यातच गुंततात. तो थरथरीने सैल होतो, म्हणून लॉक नट किंवा बांधायच्या तारेने अडकवून टाका.

तार सतारीसारखी ताठ करू नका. दीड मीटर तारेच्या मध्यावर १० किलोचा जोर आला आणि ती ५ सेंमीच दबली, तर टोकांवर साधारण ७५ किलोची ओढ बसते. तीच १० सेंमी दबू दिली तर ओढ निम्मी होते. मध्यावर हाताने जोरात दाबल्यावर ८-१० सेंमी आत आली पाहिजे. या मापाची तार काही शे किलोची ओढ घेते, छताचं पन्हळ घेत नाही. म्हणून वरच्या टोकाला शॅकलऐवजी शेजारी-शेजारी दोन केबल टाय लावा. फांदी खरीच अडकली तर आधी ते तुटतील आणि तार बॉनेटवर पडेल. उन्हाने नायलॉन ठिसूळ होतं, दर फेरीला नवे टाय लावा. या पद्धतीत वरचे दोन शॅकल उरतात, ते सुटे सामान म्हणून गाडीत ठेवा.

पहिल्या तासाभरानंतर सगळे क्लॅम्प पुन्हा कसा. डांबरी रस्त्याला लागलात की तारा काढून ठेवा. वेगात त्या शिट्टी वाजवतात, आणि रस्त्यावरच्या माणसाला त्यांचा धोका आहे.

दारं, फेंडर, आरसे

तारेच्या बाहेर राहणाऱ्या भागाला तार काही उपयोगाची नाही. सिरॅमिक कोटिंगवर इथे पैसे घालू नका. तो थर अगदी पातळ असतो, काट्यापुढे टिकत नाही. १५० ते २०० मायक्रॉनची टीपीयू (लवचिक प्लास्टिकची) फिल्म, म्हणजे रंग वाचवणारी पीपीएफ, खरं काम करते. संपूर्ण गाडीला परवडत नसेल तर मागची फेंडरं, दारांचा मधला पट्टा आणि बॉनेटची पुढची कड एवढं करा. चुंबकी शीट फक्त लोखंडी पत्र्यावर बसतात आणि खाली धूळ राहिली तर त्याच रंग घासतात. मास्किंग टेप उन्हात भाजला की गोंद मागे ठेवतो, तो त्याच संध्याकाळी काढा.

झाडीत शिरण्याआधी गाडी पाण्याने धुऊन घ्या, निदान दोन-तीन बाटल्या पाणी दारांवरून सोडा. हिरवं पान स्वतः फारसं ओरखडत नाही. पान आणि रंग यांच्यात सापडलेली लाल धूळ ओरखडते.

झाडीतून जाताना

अँटेना काढा, काचा वर, वेग चालण्याइतका. आरसे दुमडले तर पुढे माणूस उभा करा. पुढच्या गाडीने ढकललेली फांदी मागच्या गाडीवर उलटून येते, म्हणून १५-२० मीटर अंतर ठेवा. खिडकीतून हात काढून फांदी धरू नका. राखीव वनात फांद्या छाटणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. कोयता फक्त खासगी जमिनीत, मालकाला विचारून. वनातून गाडी न्यायलाही आधी परवानगी घ्या.

वाळलेल्या गवतात बीएस-६ डिझेल गाडी उभी करू नका. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, ती जाळून साफ होत असताना एक्झॉस्ट प्रचंड तापतो आणि कुसळं पेट घेतात. २ किलोचा एबीसी पावडर अग्निशामक हाताशी ठेवा. दर थांब्याला रेडिएटरवरची कुसळंही झटका. इंजिन तापण्याचं कारण बऱ्याचदा तेच असतं.

परत आल्यावर

वायपर चालू करण्याआधी त्याची रबरं बोटाने पुसा. त्यात अडकलेला काटा काचेवर कायमची कमान कोरतो. काचेच्या तळाशी जमलेला पाला काढा. गाडी धुतल्यावर ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडलं नाही तर पॉलिशने जाईल. अडलं तर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, फाटला आहे, तिथे कंपाउंड घासून उरलेला थरही जाईल. पत्रा दिसत असेल तर त्याच आठवड्यात साफ करून प्रायमर, रंग आणि क्लिअर लावा. कोकणच्या खाऱ्या हवेत उघड्या पत्र्याला गंज चढायला वेळ लागत नाही.

तारेवरून चामडी हातमोजा फिरवा. मोजा कुठे अडकला तर तिथला धागा तुटला आहे. तार बदला, गाठ मारू नका.