मेंदूच्या विद्युतनोंदी वाचायला शिकवताना

नाशिकमध्ये मेंदूतील विद्युतनोंदींच्या विश्लेषणाचा अभ्यासवर्ग घ्यायचा ठरवला, तर येणाऱ्यांपैकी जीवशास्त्राचे विद्यार्थी पायथन या संगणकभाषेला बिचकतात आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी चेतापेशीला आकड्यांचा रकाना समजतात. त्यांना वेगवेगळे बसवू नये. प्रत्येक संगणकावर दोन्हींकडचा एकेक बसवावा आणि कळफलक जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याकडे द्यावा.

सुरुवात फळ्यावरच्या गुणाकाराने करावी. २०१७ मध्ये जगापुढे आलेल्या, मेंदूत घालून विद्युतनोंदी घेणाऱ्या न्यूरोपिक्सेल्स सुईवर ९६० नोंदस्थाने असतात, त्यांपैकी ३८४ एका वेळी वापरता येतात आणि प्रत्येकावर सेकंदाला ३०,००० मोजमापे होतात. प्रत्येक मोजमापाला २ बाइट धरले की सेकंदाला सुमारे २३ मेगाबाइट, म्हणजे तासाला सुमारे ८३ गिगाबाइट डेटा होतो. हा हिशेब ज्याने स्वतः केला, तो संपूर्ण फाइल लॅपटॉपच्या स्मृतीत चढवण्याचा प्रयत्न करत नाही. इंटरनॅशनल ब्रेन लॅबोरेटरी या अनेक प्रयोगशाळांच्या संयुक्त प्रकल्पाच्या कच्च्या नोंदी लहान तुकड्यांत उतरवून घेता येतात. पहिल्या दिवसाला एका सेकंदाचा तुकडा पुरेसा आहे.

त्या एका सेकंदावर मात्र भरपूर वेळ द्यावा, कारण पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ कच्ची नोंद न पाहण्यात असते. आधी काहीही न गाळता सर्व चॅनेल, म्हणजे एकेका नोंदस्थानाच्या नोंदी, एकाखाली एक काढावेत, मग सुमारे ३०० हर्ट्झखालचा भाग वगळावा, आणि त्यानंतर प्रत्येक क्षणी सर्व चॅनेलचा मध्यक वजा करावा. सर्वत्र सारखा असलेला गोंगाट नाहीसा होऊन शेजारच्या चार-पाच चॅनेलवर एकाच वेळी उमटलेला बारीक खड्डा दिसू लागतो. तो चेतापेशीचा विद्युतस्पंद असतो, आणि तो पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी पुढे कोणताही आलेख वेगळ्या आदराने वाचतो.

स्पंद मोजण्याचा उंबरठा, म्हणजे खड्डा किती खोल असला की तो स्पंद धरायचा ती मर्यादा, समजावताना आपल्या गोदाकाठचा दुतोंड्या मारुती आठवावा. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात, आणि तो अंदाज विश्वासार्ह ठरतो, कारण मारुती जागचा हलत नाही. मेंदूच्या मऊ ऊतीच्या संदर्भात सुई मात्र सरकते. आमच्या पहिल्या तुकडीत एका जोडीने अर्ध्या तासानंतर गप्प झालेली चेतापेशी शोधून काढली होती आणि प्राणी थकला असावा असे अनुमानही मांडले होते. सुरुवातीची आणि शेवटची कच्ची नोंद शेजारी ठेवल्यावर कळले की तोच स्पंद काही चॅनेल वर सरकला होता. तेव्हापासून सुईवरच्या खोलीनुसार स्पंद वेळेबरोबर कसे सरकतात याचा आलेख काढल्याशिवाय आम्ही कोणालाही पुढे जाऊ देत नाही.

कोणता स्पंद कोणत्या चेतापेशीचा, अशी गटवारी किलोसॉर्ट ही संगणकप्रणाली करते, पण तिने दिलेला प्रत्येक गट ही एक चेतापेशी असेलच असे नाही. स्पंदानंतर साधारण एक-दोन मिलिसेकंद तीच पेशी पुन्हा स्पंद देऊ शकत नाही. या अवधीत वारंवार स्पंद दिसले, तर गटात दुसऱ्या पेशीची भेसळ आहे असे समजावे.

प्रत्यक्ष विश्लेषणासाठी २०१९ मध्ये खुला झालेला, उंदरांच्या ४२ मेंदूभागांतील सुमारे ३०,००० चेतापेशींचा संच उत्तम आहे. येथे एक सराव सक्तीचा ठेवावा: उंदरांना दिलेल्या उद्दीपनांचा क्रम यादृच्छिक पद्धतीने विस्कटून तेच विश्लेषण पुन्हा करावे. सांख्यिकी चाचणीत ०.०५ ची मर्यादा ठेवली, म्हणजे शंभरात पाच वेळा योगायोगाने चूक चालवून घेतली, तर तपासलेल्या ७०० चेतापेशींपैकी सुमारे ३५ निव्वळ योगायोगाने ‘प्रतिसाद’ देताना दिसतात. हे पाहिल्यावर बहुविध चाचण्यांची दुरुस्ती, म्हणजे चाचण्या अनेक असतील तेव्हा मर्यादा अधिक कडक करणे, वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

शेवटच्या दिवशी प्रत्येक जोडीने आपली नोटबुक, म्हणजे विश्लेषणाचा प्रोग्राम असलेली संगणकफाइल, दुसऱ्या जोडीला द्यावी आणि शेजारी न बसता, काहीही तोंडी न सांगता तिला ती चालवू द्यावी. तोच आलेख तेथे उमटला नाही, तर ते काम अपूर्ण धरून परत करावे.