बोअरच्या कडेचा 40 मायक्रॉनचा खड्डा

डिप्लोमा करून भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला लागलो, तेव्हा मला व्हर्नियर आणि मायक्रोमीटर एवढंच येत होतं. तिसऱ्या आठवड्यात लेझर सेन्सरचं फिक्स्चर, म्हणजे जॉब बसवून मोजायची मांडणी, माझ्याकडे दिलं. जॉबला (मोजायच्या भागाला) हात न लावता मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) आकडा येतोय, मग चुकणार कुठे? त्याच शिफ्टला मी अ‍ॅल्युमिनियमची 12 हाउसिंग (यंत्राची बाहेरची कवचं) रिजेक्ट केली. सगळ्यांना बोअरच्या, म्हणजे आतल्या गोल भोकाच्या, कडेशी 40 मायक्रॉनचा खड्डा!

सिनिअर आले, जॉब सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर) ठेवला, डायल (काट्याचं मापयंत्र) फिरवला. काटा जेमतेम हलला. "खड्डा जॉबला नाही रे, उजेडाला आहे."

सेन्सर जॉबवर ठिपका पाडतो आणि बाजूला तिरपी बसवलेली लेन्स तो ठिपका उजेड टिपणाऱ्या चिपवर आणते. जॉब वर-खाली झाला की चिपवरचा ठिपका सरकतो, त्यावरून त्रिकोणमितीने अंतर निघतं. याला ट्रँग्युलेशन म्हणतात. आमच्या बोअरचं चॅम्फर, म्हणजे तिरपी कापलेली कड, चकचकीत होतं. त्यावर आपटून आलेला उजेडही चिपवर पडायचा आणि सेन्सर भलतीच जागा धरायचा. सेन्सर 90 अंशांत फिरवून लावला, खड्डा गेला.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना सांगतो, आकड्याच्या आधी पृष्ठभाग बघा. काळं रबर उजेड गिळतं. चकाकत्या जॉबवर पांढरा स्प्रे मारला तर स्कॅन छान येतो, पण स्प्रेचा थरही मोजला जातो. लालबुंद फोर्जिंगवर (तापवून ठोकलेल्या जॉबवर) लाल लेझरपेक्षा निळा बरा. आणि वॉशिंगमधून आलेला गरम जॉब लगेच मोजू नका. मापं 20 अंश सेल्सिअसला धरलेली असतात. 200 मिमीचं अ‍ॅल्युमिनियम 10 अंशांनी जास्त गरम असेल तर साधारण 46 मायक्रॉन वाढतं. लेझर ते इमानदारीत दाखवतो, शिव्या मात्र आपल्याला.

इंटरव्ह्यूत हमखास विचारतात, उजेड जाऊन यायला लागलेला वेळ मोजून हे काम का करत नाहीत? 1 मिमीच्या फरकाला जेमतेम 6.7 पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग) मिळतात, मायक्रॉन तर दूरच. सीएनसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा, अक्ष तपासायला इंटरफेरोमीटर लागतो, तो उजेडाच्या लाटांवरून अंतर काढतो. त्यात हेलियम-निऑन लेझरची 632.8 नॅनोमीटरची तरंगलांबी हीच मोजपट्टी.

त्या 12 पैकी 11 जॉब संध्याकाळी पास झाले. बाराव्याच्या फेसवर नखाला लागणारा बारीक ओरखडा होता. लेझरने तो दाखवलाच नव्हता.