ग्वाल्हेरची बाग: कडाक्याच्या थंडीपासून पाडव्यापर्यंत

पुण्या-मुंबईच्या हिशेबाने आखलेलं बागेचं वेळापत्रक ग्वाल्हेरला चालत नाही. इथे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 4-5 अंशांवर, एखाद्या रात्री त्याहूनही खाली उतरतो आणि मार्च संपेपर्यंत दुपार 35 अंशांच्या पुढे जाते. मधला वसंत जेमतेम पाच-सहा आठवड्यांचा. म्हणून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कात्री आणि खत दोन्ही आवरतं घ्यायचं, आणि मग एकही रविवार वाया घालवायचा नाही.

आधी पाणी

थंडीने मरतात त्यापेक्षा जास्त कुंड्या पाण्याने मरतात. गार मातीत मुळांचं काम मंदावतं, पाणी तसंच साचून राहतं, हवा खेळत नाही आणि मुळं कुजतात. ओळखायची खूण अशी: माती ओली, तरी पानं मलूल. झाड तहानलंय असं वाटून आपण आणखी पाणी घालतो आणि ते पुरतं जातं.

बोट दोन पेरं मातीत घाला. आत कोरडं लागलं तरच पाणी. उन्हातल्या 12 इंची कुंडीला साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी लिटरभर पुरतं. सलग धुकं असेल तर आठवडाभर काही नको. वेळ सकाळी दहा-अकराची. गच्चीवरच्या टाकीतलं पहाटेचं पाणी बर्फासारखं असतं. मावठ (हिवाळ्यातला पाऊस) पडून गेली की बशा रिकाम्या करा आणि कुंड्या फरशीवरून उचलून विटांवर ठेवा, म्हणजे खालचं भोक मोकळं राहील. अडेनियमला जानेवारीभर पाणी दिलं नाही तरी चालतं; पानं गळतात, ती गळू द्या.

पाला पडण्याची रात्र

मराठीत पाला म्हणजे पानं, पण इथे ‘पाला पडला’ म्हटलं की गोठवणारं दव. ती रात्र आधी ओळखता येते: मावठ होऊन गेलेली, आभाळ स्वच्छ, वारा अजिबात नाही. अशा रात्री पानं आपली ऊब थेट उघड्या आकाशात सोडतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही दोन-चार अंश गार होतात. म्हणून हवामानाच्या बातमीत किमान तापमान 3-4 सांगितलेलं असलं, तरी पानांवर बर्फ धरू शकतं. दाट धुक्याच्या रात्री ही भीती कमी.

झाडाला वरून आकाश दिसता कामा नये, एवढं साधलं की निम्मं काम झालं. हलवता येतील त्या कुंड्या ओसरीत किंवा छज्जाखाली घ्या. जमिनीतल्या झाडांना दुपारी हलकं पाणी द्या, कारण ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. मग सूर्य मावळायच्या आत चार काठ्या रोवून वरून जुनी सुती चादर जमिनीपर्यंत सोडा. उशिरा झाकलं तर ऊब आधीच निघून गेलेली असते. प्लास्टिक पानांना टेकलं तर टेकलेली पानं हमखास काळी पडतात. सकाळी ऊन आलं की झाकण काढायला विसरू नका.

केळ, पपई, क्रोटन, मनीप्लांट आणि तुळस यांची काळजी आधी घ्यायची. गुलाब, शेवंती, पॅन्सी, वाटाणा, पालक यांना थंडी मानवते. मात्र वाटाण्याच्या फुलांना आणि कोवळ्या शेंगांना पाला लागतो.

वृंदावनातली तुळस हलवता येत नाही. तुळशीचं लग्न झालं की सगळ्या मंजिऱ्या खुडा. त्यांतल्या तपकिरी झालेल्या मंजिऱ्या बियांसाठी कागदात बांधून ठेवा. पाल्याच्या रात्री वरून सुती कापड टाका. तरीही पानं काळवंडली तर लगेच छाटू नका. वाळलेल्या काड्या खालच्या जिवंत डोळ्यांवर पांघरूण घालतात, आणि नव्या कापातून फुटलेला कोंब पुढच्या थंड रात्री जळतो. फेब्रुवारीच्या मध्यावर नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर त्याच्या जरा वर कापा. काहीच हिरवं नसेल तर जपून ठेवलेलं बी मार्चच्या सुरुवातीला पेरा.

ऊन कुठे पडतं ते मोजा

ग्वाल्हेरला 22 डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून साधारण 40 अंशच वर असतो. तीन फुटी कठड्याची सावली भर दुपारी उत्तरेला साडेतीन फूट पडते. दक्षिणेच्या कठड्याला चिकटलेल्या कुंडीला म्हणूनच पेटुनिया येत नाही. फुलझाडं उत्तरेच्या भिंतीपाशी सरकवा. मार्चअखेरीस हीच सावली साधारण सव्वा फुटावर येते, तेव्हा त्यांची जागा पुन्हा बदलावी लागेल.

खत

मोहरी पिकवणारं मुरैना जवळ असल्याने मोहरीची पेंड इथे ताजी आणि सहज मिळते. 100 ग्रॅम पेंड दोन लिटर पाण्यात भिजवा. थंडीत ती मुरायला आठ-दहा दिवस लागतात. अर्धवट मुरलेली घातली तर मुळं भाजतात. गाळून एकास दहा पाणी मिसळा आणि ओल्या मातीतच द्या. हे फुलत्या झाडांसाठी: गुलाब, डेलिया, पेटुनिया, पंधरा दिवसांतून एकदा. कढीपत्ता, मोगरा, जास्वंद झोपलेले असतात, त्यांना जानेवारीत खत नको. कढीपत्त्याची पानं पिवळी पडून गळतात ते ऋतूमुळे. ताक ओतून ती थांबत नाहीत.

रथसप्तमीनंतरची धावपळ

हळदीकुंकवं संपली की कात्री बाहेर काढायची. रथसप्तमी जानेवारीतच आली, तर मात्र फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबा.

पहिला मान मोगऱ्याचा. छाटणीआधी दोन आठवडे पाणी जवळजवळ बंद. मग फांद्या एक तृतीयांश ते निम्म्या कापा, उरलेली जुनी पानं काढा, वरची दोन इंच माती मोकळी करून दोन-तीन दिवस ऊन लागू द्या. नंतर 12 इंची कुंडीत दोन मुठी कुजलेलं शेणखत घालून भरपूर पाणी. कळ्या नव्या फुटीवरच येतात; छाटणी टाळली तर मोगरा नुसता लांबत जातो.

शेवंती फुलून गेली की फेकू नका. चार इंचांवर कापा. बुडाशी येणारे फुटवे फेब्रुवारीत वेगळे करून लावा. गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरचीच, आता फक्त सुकलेलं फूल पाच पर्णिकांच्या पहिल्या पानापर्यंत कापायचं. लिंबाला बहर येत असताना कुंडी हलवू नका आणि एकदम खूप पाणी देऊ नका, फुलं झडतात. कुंड्या बदलायच्या त्या मार्चच्या मध्याआधी.

ऊब वाढली की मावा (रस शोषणारे बारीक किडे) येतो: गुलाबाच्या कळ्यांवर, कोबी-मोहरीच्या शेंड्यांवर. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा, निम्मा धुऊन जातो. मग लिटरभर कोमट पाण्यात 2 मिली पातळ साबण ढवळून त्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल. थंडीत हे तेल गोठतं. बाटली गरम पाण्यात उभी करून पातळ करा, नाहीतर पंप तुंबतो. फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालून, आठवड्याच्या अंतराने तीनदा. गुलाबावर किंवा वाटाण्यावर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम. तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे गंधक मारू नका, पानं करपतात. 30 अंशांपुढच्या उन्हातही तेच होतं.

उन्हाळी भाजी

टोमॅटो, मिरची, वांग्याचं बी जानेवारीअखेर कपांत पेरून दिवसा उन्हात, रात्री स्वयंपाकघरात ठेवा. माती गार राहिली तर बी कुजतं. दुधी, गिलकं, काकडी फेब्रुवारीच्या मध्यावर पिशव्यांत, दोन खरी पानं आली की जागेवर. भेंडी रात्रभर भिजवून महिनाअखेरीस. उशीर झाला तर फुलं ऐन लूमध्ये (उन्हाळी गरम वाऱ्यात) येतात आणि फळ धरत नाही. पालक-मेथीला फुलांचा दांडा आला की ते वाफे रिकामे करून हीच रोपं तिथे लावा.

पाडव्याच्या आसपास मातीवर दोन इंच वाळका पाचोळा पसरा आणि पश्चिमेच्या बाजूला 50 टक्के सावलीची जाळी बांधा. पाणी तेव्हापासून रोज, पहाटे.