चुनखडीचा चुना झाला, तेव्हा 'नमुना-1'चं काय झालं?

मटेरियल सायन्समधून ऑन्टॉलॉजीकडे, म्हणजे एखाद्या विषयाचं ज्ञान संगणकाला कळेल असं मांडण्याकडे, वळणाऱ्यांना क्लास (वर्ग), प्रॉपर्टी (गुणधर्म किंवा संबंध), प्रोटेजे (ऑन्टॉलॉजी लिहायचं सॉफ्टवेअर) यांचा फार त्रास होत नाही. पदार्थ बदलायला लागला की गाडी अडते. माझी तर बराच काळ अडली होती.

चुनाभट्टी घ्या. साधारण 900 अंश सेल्सियसला चुनखडी भाजली की 100 ग्रॅममधून 56 ग्रॅम कळीचा चुना उरतो, 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो. आपण 'नमुना-1 ही चुनखडी' असं लिहितो आणि भाजल्यावर त्याच नमुना-1ला कळीचा चुना म्हणतो. पण ओडब्ल्यूएलला, म्हणजे ज्या भाषेत ऑन्टॉलॉजी लिहितात तिला, आधी-नंतर कळत नाही. दोन्ही विधानं एकदमच खरी धरली जातात. क्लास डिसजॉइंट (एकच वस्तू दोन्हींत असू शकत नाही असे) जाहीर केले असतील तर रीझनर, म्हणजे विधानांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम, विसंगती दाखवतो, नशीब समजा. नसतील तर तो गप्प बसतो, आणि तोच दगड दोन्ही याद्यांत येतो, वजन 100 आणि 56 दोन्ही! जुनं विधान खोडून नवं लिहा, असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. आधीची अवस्था पुसली तर बदल कशाचा मांडणार?

भाजणं ही स्वतंत्र घटना करा. तिच्यात चुनखडी गेली, चुना आणि वायू निघाले, भट्टी होती तशीच राहिली. पुढे त्या 56 ग्रॅममध्ये 18 ग्रॅम पाणी मुरलं की 74 ग्रॅम विरी गेलेला चुना. म्हणजे एका घटनेचं उत्पादन दुसरीचा कच्चा माल. म्हणून 'कच्चा माल' हा पदार्थाचा उपवर्ग नाही, त्या घटनेतली भूमिका आहे. गिलाव्यात हा विरी गेलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो: क्लास जुनाच, इंडिव्हिज्युअल (त्या वर्गातली प्रत्यक्ष वस्तू) नवा.

पोलादाच्या गिअरचं वेगळं. उष्णता देऊन झटकन थंड केल्यावर आतल्या ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट झालं, म्हणजे पोलादाची अंतर्गत रचना बदलली, तरी गिअर तोच, नंबरही तोच. तिथे वस्तू एक ठेवून तिच्या अवस्था वेगळ्या मांडा. घटनेचा सांगाडा मात्र दोन्हीकडे चालतो, आणि पुन्हा वापरायचा तो एवढाच. तापमान, उपकरणं, एककं त्यात कोंबलीत की तो तुमच्याच लॅबपुरता उरतो.

गाईड म्हणतील, आधी अख्खं बीएफओ (बेसिक फॉर्मल ऑन्टॉलॉजी, कुठल्याही विषयाला चालणारी पायाभूत ऑन्टॉलॉजी) आयात करा. 2021 पासून ते आयएसओ मानक आहे, कबूल. पण आपल्या ऑन्टॉलॉजीने कुठल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची ते लिहून होईपर्यंत थांबा. 2013 चं प्रोव्ह-ओ (कशापासून, कुठल्या क्रियेतून काय तयार झालं ते मांडणारी छोटी ऑन्टॉलॉजी) सुरुवातीला पुरतं. आणि प्रोटेजेत विसंगतीची खिडकी उघडली तर घाबरू नका. 'एक्स्प्लेन' दाबा, कुठली विधानं भांडताहेत ते तिथेच दिसतं.