हेडर घासतोय? पाइप ठोकण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार होती, पारा ४२-४३च्या घरात. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये माझ्या जुन्या जीपला नवा हेडर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारा पाइपांचा संच, बसला. पाइप आणि स्टेअरिंगची दांडी यांच्यात पेन्सिल जाईल एवढी फट होती. कारागीर म्हणाला, "भरपूर जागा आहे." मलाही पटलं. दोन दिवसांनी तुळजापूरचा घाट चढताना वळणावर स्टेअरिंग हाताला खरखर लागलं. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं, तर दांडीवर घासल्याची चकचकीत रेघ उमटलेली.

थंड आणि बंद इंजिनावर मोजलेली फट खरी नसते, हे मला त्या दिवशी कळलं. लोखंडी पाइप तापला की लांबतो. अर्धा मीटर पाइप ५०० अंशांनी तापला तर साधारण ३ मिलिमीटर वाढतो, स्टेनलेस असेल तर ४ मिलिमीटरच्याही पुढे जातो. त्यातच ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन फौंडेशनवर, म्हणजे ज्या रबरी आधारांवर ते बसतं त्यांवर, एका अंगाला कलतं. म्हणून स्थिर भागापासून निदान १२ मिलिमीटर आणि स्टेअरिंग व ब्रेकच्या पाइपापासून २५ मिलिमीटर जागा मी आता सोडतोच.

हातोडी उचलण्याआधी फौंडेशनचे रबर बघा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. रबर बसलं किंवा फाटलं की इंजिन खाली येतं आणि काल न लागणारा हेडर आज चेसीला लागतो. अशा वेळी पाइप दाबून काही उपयोग नाही, रबर बदला. एकाने ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडावा, मग रिव्हर्समध्येही तसंच करावं. दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती हलतं ते बघावं. गाडीच्या पुढे-मागे कुणीही उभं राहू नये.

अडचणीच्या जागी फट मोजायला माझ्याकडे घरगुती उपाय आहे: घट्ट मळलेली गव्हाची कणीक. थंड हेडरवर गोळा चिकटवा, हेडर जागेवर कसा, पुन्हा सोडवा. गोळा जिथे सर्वांत पातळ दबला असेल तिथली जाडी मोजा. ज्वारीचं पीठ नको, ते चिरतं.

आता प्रत्यक्ष पाइप दाबण्याबद्दल. थंड पाइपावर घण घालणं ही सर्वांत मोठी चूक. त्याने घडी पडते आणि पुढे तिथेच तडा जातो. गॅसने पाइप लालसर होईपर्यंत तापवा आणि गोल डोक्याच्या दांड्याने हळूहळू दाबा, खोलगट, गुळगुळीत खळगा पडला पाहिजे. लाल पाइपावर पाणी ओतू नका, हवेवर थंड होऊ द्या. आकार बिघडू नये म्हणून पाइपात वाळू भरणार असाल तर ती भाजून कोरडी केलेली हवी. ओली वाळू बंद पाइपात तापली की वाफेच्या दाबाने टोकाचं बूच गोळीसारखं उडतं. हे काम करताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

खळगा पडला की ताकद जाते ही भीती थोडी जास्तच असते. ४२ मिलिमीटर आतल्या व्यासाचा पाइप एका बाजूने ६ मिलिमीटर सपाट केला तरी वाट ९ टक्क्यांहून कमीच अरुंद होते. मात्र व्यासाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त दाबावं लागत असेल तर तो नाद सोडा. तेवढा तुकडा कापून तयार बेंड जोडून घ्या. आणि हेडरऐवजी गाडीचा मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड (इंजिनाला लागलेला धुराचा ओतीव भाग) असेल तर त्याला हातोडी लावूच नका, बीड दबत नाही, फुटतं.

वेल्डिंगला हेडर गाडीवरून उतरवा, आधी ऑक्सिजन सेन्सर काढा. जागेवर टाके घालावेच लागले तर बॅटरीची वायर सोडा. फ्लँज, म्हणजे हेडर इंजिनाला जिथे नटांनी कसतात ती सपाट पाटी, मात्र जाड पट्टीला बोल्टने कसूनच वेल्ड करा. नाहीतर ती वाकते, आणि नवीन गॅस्केट कितीही घातले तरी गळती थांबत नाही. सिरॅमिक कोटिंग करायचं असेल तर आधी पाइप दाबा, मग कोटिंग. गॅसच्या ज्योतीखाली कोटिंग टिकत नाही.

काम झाल्यावर कान उघडे ठेवा. थंड असताना टिक-टिक आणि तापल्यावर बंद, तर फ्लँजमधून गळती. ठराविक वेगालाच झणझण, तर पाइप कशाला तरी लागतोय. तापल्यावर सेल्फ (स्टार्टर) जड फिरतो, तर हेडरची उष्णता त्याला लागतेय. मध्ये पत्र्याचा आडोसा लावा. हेडरला नुसती उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळून वेळ मारून नेऊ नका, पावसाळ्यात तिच्याखाली ओल राहते आणि पाइप गंजतो. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून जागा करणं तर मुळीच नको.

मी शेवटी रबर बदललं, पाइपाला खळगा दिला, दांडीवर खडूने रेघ मारली आणि पुन्हा त्याच घाटात गेलो. परत आल्यावर ती रेघ जशीच्या तशी होती. पुढे ५०० किलोमीटरनंतर गार इंजिनावर फ्लँजचे नट पुन्हा कसले, तेव्हा दोन नट पाव फेरा फिरले.